कोरडी फरशी

“भोक न बुजवता पाणी ओतत राहणारा माणूस एकतर मूर्ख असतो, नाहीतर त्याला त्याचा पगार मिळत असतो.”

हे वाक्य तो एकदा अकरा डॉक्टरांसमोर बोलला. अकरांतले दोघे हसले, आणि बाकीचे नऊ हसत नाहीत हे दिसताच त्यांनीही तोंडं मिटली. त्या दिवसापासून हॉस्पिटलात त्याला कोणी चहाला बोलावलं नाही. त्याला त्याचं काही वाटलं नाही. आधीही कोणी बोलावत नव्हतं.

त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. सगळे त्याला गळती म्हणत. नाव पाणीखात्यातलं. हॉस्पिटलात येण्याआधी तो जमिनीखालच्या नळांची गळती शोधायचं काम करी. कमरेएवढा लोखंडी गज घ्यायचा, एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसऱ्याला कान लावायचा. पाच हात खाली फुटलेला नळ त्याला ऐकू येई. एकदा बड्या इंजिनियरने दाखवलेली जागा सोडून, इंजिनियरच्याच देखत, त्याने दहा पावलांवर खडूने फुली मारली आणि म्हणाला, “साहेबांनी कान धुऊन यावं.” खणलं तर नळ फुलीखालीच फुटलेला निघाला. आठ दिवसांत त्याची उचलबांगडी झाली. हॉस्पिटलच्या दुरुस्तीखात्यात त्या वेळी माणूस हवा होता आणि कोणीही चालणार होता.

बायको त्याच हॉस्पिटलात, अपघाताच्या वॉर्डात मोठी सिस्टर होती. तिला सगळे ताई म्हणत; तिच्याहून दहा वर्षांनी मोठे डॉक्टरही म्हणत. नवराबायको एका छपराखाली राहत, पण वेगवेगळ्या पाळीत. ती कामावरून आली की तो निघालेला असे, तो आला की ती झोपलेली. लग्नाला एकवीस वर्षं झाली ती या घड्याळाच्या कृपेने, असं ताईचं मत होतं. ज्या आठवड्यात पाळ्या जुळत, त्या आठवड्यात शेजारी खिडक्या लावून घेत.

“पाच हात खालचा नळ ऐकू येतो,” ती म्हणे, “आणि दोन हातांवरची बायको ऐकू येत नाही.”

“नळ उगाच आवाज करत नाही,” तो म्हणे.

घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. त्या दोघांच्या मध्ये पडत नसत. कडेला बसून दोन्ही बाजूंना दाद देत. मुलाबद्दल त्यांचा एकच ठरलेला शेरा होता. “याच्या जिभेचा वायसर जन्मतःच गेलाय. मी किती आवळला. ठिबकतोच.”

आणि ते खरं होतं. शेवटचा शब्द दुसऱ्याला द्यायचा नाही, हे त्याचं एकमेव व्रत. दुकानदाराशी, पोस्टमनशी, आईशी, डॉक्टरांशी, बंद पडलेल्या मोटारीशीही तो भांडे, आणि एका शब्दावरून तीन दिवस भांडे. ताईने त्याला कधी गप्प झालेला पाहिला नव्हता. झोपेतसुद्धा तो कोणाला तरी चुकीचं ठरवत असे.

---

‘जावई’ त्याने बनवला त्याला आता तीन वर्षं झाली होती.

अपघात विभागाच्या प्रमुखांना, ज्यांना सगळे नुसतं ‘साहेब’ म्हणत, एक यंत्र हवं होतं. माणसाचं रक्त खूप वाहून गेलं की त्याच्या शिरेतून मीठपाणी, म्हणजे सलाईन, चढवतात. ते किती चढवावं, किती वेगाने चढवावं, यावर डॉक्टरांचं एकमत नव्हतं. जिवंत माणसावर प्रयोग करता येत नाही. म्हणून साहेबांना माणसासारखं रक्त गळणारं काहीतरी हवं होतं, आणि गळतीचं काम आहे म्हटल्यावर कोणीतरी गळतीचं नाव सुचवलं. बहुधा थट्टेने.

त्याने दोन महिने घेतले. पाच लिटरची काचेची बरणी, कारण मोठ्या माणसाच्या अंगात साधारण तेवढं रक्त असतं. त्यात कापड रंगवायच्या लाल रंगाचं पाणी. ते पाणी फिरवायला मोडक्या धुलाईयंत्राचा पंप; ते काळीज. पंपापासून रबरी नळ्या. शेजारी उभी काचेची नळी, तिच्यावर खुणा. नळीत पाणी जितकं वर तितकं बीपी. वरती नरसाळं, त्यातून सलाईन ओतायचं. आणि खालच्या एका नळीला पितळेची तोटी बसवून तिला बारीक भोक, ती जखम. तोटीखाली बादली.

पण त्याला खरा अभिमान होता तो बोळ्याचा. जखमेतलं रक्त जरा वेळाने गोठतं आणि स्वतःच भोकावर बूच बसवतं, हे ताईने त्याला कधीतरी भांडणाच्या भरात सांगितलं होतं. तिला म्हणायचं होतं की जखमेला जेवढी अक्कल असते तेवढीही काहींना नसते. तो दुसऱ्या दिवशी वॉर्डातून मूठभर कापूस घेऊन गेला. त्याने कापसाचा ओला बोळा वळून पितळेच्या भोकात बसवला. नळीतलं पाणी खाली असलं की बोळा धरून राही, नुसतं ठिबके. वरून जोरात ओतलं, पाणी चढलं, की एका क्षणी फट्ट आवाज होई आणि बोळा उडून लाल धार फरशीवर जाई.

यंत्राला जावई हे नाव सासूबाईंचं. त्यांनी ते कधी पाहिलं नाही, फक्त वर्णन ऐकलं. “कितीही ओता, भरत नाही? मग तो जावईच.” घरातून नाव हॉस्पिटलात गेलं आणि साहेबांच्या तोंडीही बसलं.

जावई वर्षभर गळला आणि वर्षभर गळतीने फरशी पुसली. बोळा कधी सहाव्या खुणेला उडे, कधी आठव्या, कधी उडतच नसे. विभागात संगणकावर हिशेब मांडणारी एक बाई होती. तिला आकडेवाली म्हणत. हुशार, कोरडी, नखं कुरतडलेली. जावयावर मोजायचं, ते आकडे तिने संगणकात घालायचे, आणि संगणकाने सांगायचं की किती ओतल्यावर माणूस जगतो. पण रोज आकडे वेगळे येत. तिच्या पडद्यावरच्या रेघा भांडलेल्या भावंडांसारख्या दहा दिशांना तोंडं करून उभ्या.

“मला सारखी गळती द्या,” ती म्हणाली. “मिनिटाला ठरलेली. हा तुमचा कापूस काढा.”

“माणसाच्या अंगात मापाची गळती नसते,” तो म्हणाला.

“माझ्या गणितात कापूस बसत नाही.”

“मग गणित मोठं करा. कापूस लहान होणार नाही.”

तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी साहेब आले. परदेशातले पाहुणे येणार होते. साहेबांनी फरशीवरचे लाल डाग पाहिले, स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. “हे बंद कर, गळती,” ते म्हणाले. “पाहुण्यांच्या बुटांवर रंग नको. बाई मागतायत तसं करून दे.”

तो हे घरी येऊन आठवडाभर बडबडत होता, म्हणून ताईला शब्दन् शब्द ठाऊक. पण शेवटी त्याने तसं करून दिलं. साहेबांना घाबरून नव्हे. वर्षभर उकिडवं बसून फरशी पुसून त्याचे गुडघे गेले होते. त्याने पितळेची तोटी बंद केली, बोळा काढला, आणि मापाने पाणी खेचणारा एक छोटा पंप बसवला. तो मिनिटाला बरोबर शंभर मिलिलिटर बाहेर काढून झाकणाच्या डब्यात सोडी. वरून थेंब ओता की घागर, बाहेर जाणार ते शंभरच. कामाच्या वहीत त्याने त्या दिवशी नेहमीप्रमाणे तीन वाक्यं लिहिली: ‘तोटी बंद. पंप जोडला. फरशी कोरडी.’ खाली सही.

फरशी खरोखर कोरडी राहिली. पाहुणे आले, बूट स्वच्छ घेऊन गेले. आकडेवालीच्या रेघा शहाण्यासारख्या एका ओळीत आल्या. आणि त्या रेघा एकच सांगत होत्या: जितकं जास्त ओताल, जितकं लवकर ओताल, तितकं बीपी वर राहील आणि तितका माणूस जगेल. दोन वर्षांनी त्यावरून तक्ता तयार झाला. मोठ्या अक्षरांत, भिंतीवर लावायचा. ‘पहिल्या दहा मिनिटांत दोन लिटर. बीपी पूर्ववत होईपर्यंत थांबू नये.’

एक तक्ता आधी आठ दिवस चाचणी म्हणून ताईच्या वॉर्डात लागला. उरलेले चाळीस, दोरीने बांधलेले, साहेबांच्या खोलीबाहेर जिन्याखाली ठेवले होते. सोमवारी दुपारी ते गाडीतून बाहेरच्या चाळीस हॉस्पिटलांत जायचे होते.

---

सहाव्या दिवशी, शुक्रवारी, लाकूड कापायच्या कारखान्यातला एक माणूस आला. करवत मांडीच्या वरच्या भागाला लागली होती, जिथे पट्टा आवळता येत नाही अशा जागी. त्याला आणणाऱ्या दोघांचे शर्ट त्याच्या रक्ताने जड झाले होते. पण वॉर्डात पोचेपर्यंत जखम थांबत आली होती. बीपी कमी होतं. माणूस बोलत होता. ताईला आठवतं, तो विचारत होता की त्याची चप्पल कुठे आहे.

ताईचा हात जखमेवर होता. जुन्या सवयीने तिने सलाईन हळू लावायला सांगितलं आणि सर्जनला निरोप धाडला. नव्या डॉक्टरने तक्त्याकडे बोट दाखवलं. “ताई, दहा मिनिटांत दोन लिटर. लिहिलंय.” लिहिलं होतं. दोन्ही हातांना सुया लावल्या, पिशव्या हाताने पिळल्या. बीपी चढलं. नव्या डॉक्टरच्या चेहऱ्यावर पास झाल्याचा भाव आला. त्याच वेळी ताईच्या तळहाताखाली काहीतरी सुटलं. तिला ते कानाने नाही, हाताने ऐकू आलं. मग गरम धार, मग आणखी पिशव्या, कारण बीपी पुन्हा पडलं आणि तक्त्यावर ‘थांबू नये’ असं होतं. रक्तपेढीतून रक्त आलं तोपर्यंत जखमेतून येणारं रक्त फिकं झालं होतं. कपडा खळबळलेल्या पाण्यासारखं. ते गोठेना. ते गोठायचं विसरलंच होतं.

चप्पल नंतर सापडली. रुग्णगाडीतच होती.

---

रविवारी दुपारी पाळ्या जुळल्या. तिघं जेवायला बसली होती. ताई दोन दिवस गप्प होती आणि हे घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण तो दोन दिवस बोलत होता; जिन्यातला दिवा, वरच्या मजल्यावरचा रेडिओ, भाजीतलं मीठ.

“मीठ कमी झालंय म्हणता?” ताई म्हणाली. “लावते तुम्हाला सलाईन. दहा मिनिटांत दोन लिटर. तुमच्या जावयाने सांगितलंय.”

“जावई माझा, तक्ता साहेबांचा,” तो म्हणाला. “तिकडे भांड.”

“परवा तुमच्या जावयाने माणूस मारला. जेवा.”

सासूबाईंचा हात वाटीवर थांबला. तो हसला. तो हसला हे ताईला फार लागलं, आणि मग तिने सगळं सांगितलं, कुठलाही शब्द मऊ न करता. त्याने चावत चावत ऐकलं. मध्ये दोनदा तिची चूक काढली. पिशवी पिळल्यावर दाब किती येतो हे तिला कळत नाही, वगैरे.

“जखम थांबली होती,” ती म्हणाली. “माझ्या हाताखाली थांबली होती. बीपी चढलं आणि फट्ट करून सुटली. तुमचा तो बोळा उडायचा ना, तशी.”

तो चावायचा थांबला.

त्याने घास गिळला नाही, थुंकलाही नाही. तो ताटाकडे पाहत राहिला, आणि ताईने ओळखलं की तो ऐकतो आहे. एकवीस वर्षांत पहिल्यांदा तो गजाला कान लावल्यासारखा तिच्याकडे कान लावून बसला होता.

“परत सांग,” तो म्हणाला. “चढलं, आणि मग सुटली? का सुटली, आणि मग चढवलं?”

“चढलं, आणि मग.”

“नक्की?”

“माझा हात होता तिथे. तुमचा होता का?”

तो उठला, हात न धुता चपला घातल्या आणि गेला. सासूबाई म्हणाल्या, “अगं, याने उत्तर दिलं नाही.”

“देतील,” ताई म्हणाली. “दारातून परत येऊन देतील.”

तो संध्याकाळी आला. विजार गुडघ्यापर्यंत ओली आणि लाल होती. मोरीत बसून त्याने ती स्वतः धुतली. मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाला, “उद्या दहाला प्रयोगाच्या खोलीत ये. भिंतीवरचा तक्ता काढून घेऊन ये.”

“मी तुमची नोकर नाही.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “म्हणून सांगतोय. नोकराला पाठवलं असतं.”

---

सोमवारी दहाला प्रयोगाच्या खोलीत चौघं होती. साहेब खुर्चीवर, घड्याळ मनगटावरून काढून टेबलावर ठेवलेलं. आकडेवाली तिच्या संगणकाशेजारी. ताई दाराजवळ, हातात गुंडाळलेला तक्ता. आणि गळती जावयापाशी, बाह्या वर केलेल्या. छोटा पंप काढून ठेवला होता. पितळेची तोटी परत जागेवर आली होती.

“दुपारी गाडी निघायची आहे,” साहेब म्हणाले. “तुला पंधरा मिनिटं देतो. तीही ताईंकडे बघून.”

“ताईंकडे बघू नका, नळीकडे बघा,” तो म्हणाला.

त्याने पंप चालू केला. लाल पाणी फिरू लागलं. तोटी उघडली, दीड लिटर बादलीत जाऊ दिलं. नळीतलं पाणी तिसऱ्या खुणेवर आलं. मग त्याने ओला बोळा भोकात बसवला, आणि नरसाळ्यातून पेला पेला पाणी घालत ते चौथ्या खुणेवर आणून थांबवलं. बोळ्यातून ठिबकत होतं. थेंब. मग थेंब. खोलीत त्याचाच आवाज होता. पाच मिनिटं झाली. बादलीत बोटभर भर पडली, बरणीतला रंग तसाच दाट.

“बीपी अर्धं आहे,” साहेब म्हणाले. “हा माणूस आजारी आहे.”

“आजारी आहे,” तो म्हणाला. “आहे.”

त्याने सगळं ओतून दिलं, जावई नव्याने भरला, पुन्हा दीड लिटर गळू दिलं, पुन्हा बोळा बसवला. मग बाजूला झाला.

“सिस्टर, आता तुम्ही ओता. तक्त्याप्रमाणे. वाचून दाखवू का?”

तो तिला ‘तुम्ही’ म्हणाला होता. ताईने तक्ता काखेत धरला आणि दोन्ही हातांनी भांडं उचललं. पाणी नळीत चढलं. पाच. सहा. सात. साहेब खुर्चीत मागे टेकले. “झालं की पूर्ववत,” ते म्हणाले. “यात नवीन काय–”

फट्ट.

धार टेबल ओलांडून फरशीवर गेली, फरशीवरून साहेबांच्या बुटांवर. साहेब उठले. आकडेवालीने वायरी वर उचलल्या. नळीतलं पाणी धाडकन खाली आलं.

“थांबू नका,” गळती म्हणाला. “तक्त्यावर काय आहे? थांबू नये. ओता.”

ताईने ओतलं. ती ओतत होती आणि ते जात होतं; जितकं जोरात ओती तितकं जोरात जाई. नळी वर चढे, धार लांब होई. नळी उतरे, धार आखूड होई. शुक्रवारी तिच्या हातांना हेच कळलं होतं. आता ते डोळ्यांना दिसत होतं, आणि तिला वाटलं की हे भांडं या तिघांच्या डोक्यात घालावं. तिसरं भांडं संपलं तेव्हा पाणी सातव्या खुणेवर होतं आणि बरणीत जे होतं ते लाल नव्हतं. पलीकडची भिंत त्यातून दिसत होती.

“बीपी आहे,” गळती म्हणाला. “पेशंट कुठे आहे?”

आकडेवाली खाली पाहत होती. लाल पाणी तिच्या टाचांपाशी आलं होतं आणि तिने पाय हलवले नाहीत.

साहेब रागावले नाहीत. ताईला त्यांची भीती तिथेच वाटली. त्यांनी रुमालाने एक बूट पुसला, मग दुसरा. मग कपाटातून कामाची वही काढली आणि दोन वर्षांपूर्वीचं पान शोधलं. लगेच सापडलं, जणू खूण घालून ठेवली होती.

“तोटी बंद. पंप जोडला. फरशी कोरडी,” त्यांनी वाचलं. “सही कोणाची, गळती?”

“माझी.”

“म्हणजे दोन वर्षं तू आम्हाला खोटं यंत्र दिलंस.”

“साहेब,” ताई म्हणाली, “पंप लावायला तुम्हीच सांगितलं होतंत. पाहुण्यांच्या बुटांसाठी.”

“तुम्ही होता इथे तेव्हा?”

ताई आकडेवालीकडे वळली. ती होती. तिनेच मागितलं होतं. आकडेवालीने कुरतडलेलं नख तोंडाशी नेलं आणि परत खाली आणलं. “मला नीटसं आठवत नाही,” ती म्हणाली. एवढं हळू की नळाच्या माणसालाच ऐकू यावं.

साहेबांनी कोरा कागद ओढला. “दोन रस्ते आहेत,” ते लिहिता लिहिता म्हणाले. “एक, तू म्हणतोस ते म्हणत राहा. मी म्हणतो ते मी म्हणेन. चौकशी नेमू. तीन महिने लागतील, चार लागतील. तोपर्यंत छापलेला तक्ता छापलेला आहे, गाडी दोन वाजता निघेल. दुसरा, हा कागद. ‘तंत्रज्ञाने परस्पर यंत्रात बदल केल्यामुळे निष्कर्ष सदोष ठरले. तक्ता मागे घेण्यात येत आहे.’ खाली तुझी सही. गाडी निघणार नाही. मी आत्ता, तुझ्यासमोर, फोन करतो.” त्यांनी कागद फिरवून टेबलाच्या कोरड्या बाजूला ठेवला. “नोकरीचं नंतर बघू. पण बघावं लागेल.”

गळतीने कागद उचलला. त्याचे ओठ वाचताना हलत होते. ताईने ते ‘परस्पर’ या शब्दापाशी थांबलेले पाहिले.

आता, तिला वाटलं. पोस्टाच्या शिक्क्यावरची पुसट तारीख त्याने तीन दिवस सोडली नव्हती. भाजीतल्या मिठासाठी त्याने तिचं माहेर सात पिढ्या खणून काढलं होतं. हा शब्द तर धडधडीत खोटा होता, आणि त्याच्या जन्माच्या कामावर ठोकलेला होता. ती वाट पाहत राहिली. तिला ते हवं होतं, हे तिला त्या क्षणी कळलं. एकवीस वर्षं जे ऐकून तिचे कान किटले होते ते एकदा या खोलीत, या माणसाच्या तोंडावर, पूर्ण आवाजात ऐकायचं होतं. बोला, ती मनात म्हणाली. बोला ना आता, मेल्यासारखे उभे काय.

बोळा फरशीवर टेबलाच्या पायाशी अडकला होता. गळतीने वाकून तो उचलला, मुठीत पिळला. लाल पाणी बोटांमधून गेलं. मग त्याने हात विजारीला पुसला, कारण कागद ओला होता कामा नये.

त्याने सही केली. नेहमीचीच, वहीतल्यासारखी, खाली एक रेघ ओढून.

साहेबांनी फोन उचलला. “गाडी थांबवा,” ते म्हणाले. “जिन्याखालचे गठ्ठे माझ्या खोलीत आणून ठेवा. हो, चाळीसही. हो, आत्ता.” फोन ठेवून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. माणूस जिंकल्यावर जसं समोरच्याच्या उत्तराची वाट पाहतो, तसं. “बोल. काही म्हणायचंय?”

आकडेवालीनेही मान वर केली. पंप अजून चालू होता आणि बरणीतलं बिनरंगाचं पाणी फिरवत होता. ताईने गुंडाळलेला तक्ता दोन्ही हातांनी मधोमध मोडायला घेतला. तो जाड कागद मोडला नाही, नुसता वाकला.

गळतीने पंपाचं बटण बंद केलं. खिशातून खोलीची किल्ली काढून वहीवर ठेवली. बायकोकडे पाहिलं, तिच्या हातातल्या तक्त्याकडे पाहिलं. मग तो त्या लाल पाण्यातून, पाऊल न चुकवता, चपलांचा चपचप आवाज करत दारापर्यंत गेला. दार उघडलं. आणि एक शब्द न बोलता निघून गेला.